दिसतं, पण ओळखू येत नाही

१९८८ साली इटलीत राहणारी एक तरुण स्त्री आंघोळीला गेली. पाणी तापवणाऱ्या गॅसचा धूर बाहेर जायची सोय नीट नव्हती. ती बेशुद्ध पडली आणि वाचली, पण पुढे जे उघड झालं त्यामुळे मेंदूविज्ञानाची पुस्तकं नव्यानं लिहावी लागली.

संशोधक तिला ‘डी. एफ.’ म्हणतात. त्यांतले एक, डेव्हिड मिल्नर, यांनी तिच्यासमोर पेन्सिल धरली. रंग पिवळा आहे हे तिनं सांगितलं. पण वस्तू कोणती, आडवी धरलीय की उभी, काही सांगता येईना. मग तिनं हात पुढे केला आणि पेन्सिल अचूक चिमटीत धरली! पुढे मिल्नर आणि त्यांचे सहकारी मेल्विन गुडेल यांनी तिला एक तिरकी खाच दाखवली. खाच कशी कललीय, हे हातातलं कार्ड फिरवून दाखवणं तिला जमेना. ‘कार्ड आत टाका’ म्हटल्यावर मात्र मनगट आपोआप वळलं आणि कार्ड आत गेलं. जे तिला ‘दिसत’ नव्हतं, ते तिच्या हाताला दिसत होतं. वस्तू ओळखणारी दृष्टी आणि हाताला वाट दाखवणारी दृष्टी मेंदूत दोन वेगळ्या वाटांनी जाते, आणि विषारी वायूनं त्यातली पहिलीच मोडली होती.

हा विषारी वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. गंमत म्हणजे जुन्या तांबड्या पेशी मोडताना आपलं शरीर स्वतःच तो किंचित तयार करतं. वैर आहे ते मात्रेशी.

रक्तातून तो लवकर निघतो: साध्या हवेत निम्मा व्हायला चार-पाच तास, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-सव्वा तास. हिशेब इथेच मिटायला हवा, पण मिटत नाही. काही रुग्ण ठणठणीत होऊन घरी जातात आणि दोन-तीन आठवड्यांनी विसरायला लागतात, पाय घासत चालतात, लघवीवरचा ताबा जातो, स्वभाव पालटतो. मेंदूतल्या तंतूंवरचं वेष्टण मागाहून झडतं. कोरियात कोळशाच्या वड्यांवर घरं तापवत; तिथल्या १९८३च्या अभ्यासात २३६० रुग्णांपैकी ६५ जणांना असा उशिराचा आजार झाला. दिलासा एवढाच, की ज्यांचा पुढे पाठपुरावा झाला त्यांतले तीन चतुर्थांश वर्षभरात सावरले.

रत्नागिरीला लागून असलेल्या मिरजोळ्याशी याचा संबंध काय? कोकणातल्या जुन्या न्हाणीघरात बंब पेटायचा, पण वर कौलं आणि भिंतीला झरोका. धूर आपली वाट काढायचा. आता एमआयडीसीच्या आसपास ब्लॉक उभे राहिलेत. बाथरूम खोक्याएवढं, खिडकी बंद आणि आत गॅस गिझर. डोकं जड होणं, मळमळ, गरगरणं याला आपण पित्त म्हणून मोकळे होतो. दार उघडताच बरं वाटलं, तर ते पित्त नव्हे.

गॅस गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवा. आणि घरात कुणी यातून वाचलं असेल, तर पुढचे सहा आठवडे त्याच्या बोलण्या-चालण्याकडे लक्ष ठेवा. जरा वेगळं वाटलं की मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या, आणि गिझरची हकीकत आधी सांगा.