हंगेरीतील वर्षाची बेगमी

हंगेरीच्या खेड्यात शेतकरी कुटुंबाची वर्षाची बेगमी हिवाळ्यात होत असे. ३० नोव्हेंबरचा संत अँड्र्यूचा दिवस आला, म्हणजे डुक्कर मारण्याचा हंगाम सुरू होई आणि तो ईस्टरपूर्वीच्या उपवासापर्यंत चाले. शीतकपाटे नव्हती, तेव्हा मांस नासू न देणारे पहिले साधन म्हणजे थंडी.

पहाटेच आप्त व शेजारी जमत. पालिन्का नावाच्या फळांच्या मद्याचा घोट घेऊन कामास हात लावीत. या कामातील जाणत्यास ‘बोल्लेर’ म्हणतात. तो सुरी चालवी. वाहते रक्त स्त्रिया भांड्यात धरीत व गोठू नये म्हणून ढवळीत. त्यातलेच थोडे कांद्यावर परतले, की न्याहारी होई. मग पेटत्या पेंढ्याने अंगावरचे केस जाळून कातडे खरवडून धूत.

धुतलेल्या आतड्यांत भातासह रक्त किंवा कलेजी भरून ‘हुर्का’ करीत. तो लवकर संपवावा लागे. मांसात मीठ, लसूण आणि लाल मिरचीची पूड कालवून ‘कोल्बास’ भरीत व धुरावर टांगीत. ही मिरची मूळची अमेरिकेची. भारतातही ती तेथूनच आली. मांड्या आणि चरबीचे पट्टे मिठात मुरवून त्यांना धुरी देत. उरलेली चरबी कढवीत. तूप कढवल्यावर बेरी उरते, तसे तिचे खुसखुशीत तुकडे उरत. स्वयंपाकाला वर्षभर हीच चरबी वापरीत.

रात्री मेजवानी होई आणि शेजाऱ्यांकडे मांसाचे ताट जाई. त्यास ‘कोश्तोलो’, म्हणजे चवीपुरता वाटा, म्हणतात. शेजाऱ्याचे डुक्कर मारले, की तसेच ताट परत येई. घरोघरचे दिवस वेगळे असल्याने ताजे मांस हिवाळाभर गावात फिरत राही.

१९५० नंतरच्या काही वर्षांत राकोशी यांच्या राजवटीने याच बेगमीवर हात टाकला. डुक्कर मारण्यास परवाना लागू लागला, चरबीचा ठरावीक भाग सरकारजमा करावा लागे आणि चोरून मारल्यास तुरुंगवास घडे. पेटर बाचो यांच्या १९६९ च्या ‘साक्षीदार’ या चित्रपटातील नायकाची फरफट अशाच एका डुकरापासून सुरू होते. तो चित्रपट हंगेरीत दहा वर्षे अडवून ठेवला होता. सक्तीची वसुली १९५६ साली संपली, आणि घराची चरबी पुन्हा घराच्या हंड्यात राहू लागली.

आता शीतकपाटे आली आहेत, डुकरे पाळणारी घरेही कमी झाली आहेत. तरीही हिवाळ्यात काही अंगणांत पेंढा पेटतो, आणि संध्याकाळी झाकलेले ताट शेजारी जाते.