जुन्या गोव्यातील संत कॅथरिनचे चॅपेल

ठाणाकुशनूरकडील मंडळी बिदरला गेली म्हणजे महमूद गवानाचा मदरसा पाहून येतात. याच बहामनी वजिराने १४७२ साली गोवा जिंकला. पुढे तो विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला. आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरिनच्या सणादिवशी, पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याने तो घेतला.

त्या दिवसाची आठवण म्हणून तिच्या नावे तेथे हे लहानसे चॅपेल उभे राहिले. १५३४ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी त्यास कॅथेड्रलचा मान दिला. आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीनपर्यंत पसरलेल्या धर्मप्रांताचे पीठ ते हेच! १५५० साली गव्हर्नर जॉर्ज काब्राल याने ते पुन्हा बांधविले. जांभ्या दगडाच्या भिंती, दर्शनी बाजूस दोन मनोरे. थाट असा नाहीच. थोरल्या सें कॅथेड्रलच्या ओढीने यात्रेकरू पुढे निघून जातात.

आल्बुकर्क याच जागच्या दरवाजाने शहरात शिरला, असे तेथील शिळालेख सांगतो. त्यानंतर झालेली मुसलमानांची कत्तल त्याने स्वतः राजाला पत्राने कळविली. शिळेवर मात्र तिचे अक्षर नाही. मुसलमान शेजाऱ्यांत वाढलेल्या आम्हांस ती शिळा सहजी वाचवली नाही. दाराशी गुडघे टेकून आम्ही त्या मृतांसाठीही एक ‘आमच्या बापा’ म्हटली.