वाफेचं कडं आणि दाबाचा हिशेब

भंडारा म्हटलं की धान आणि पितळी भांडी आठवतात, वाफ सहसा कुणाला आठवत नाही. पण मोहाडी तालुक्यातल्या देव्हाड्याच्या साखर कारखान्यात उसाचा रस आटतो तो वाफेवर आणि जिल्ह्यातल्या राइस मिलमध्ये धान उकडलं जातं तेही वाफेवरच. रस आटवणाऱ्या भांड्याच्या कॅलँड्रियात, म्हणजे नळ्यांच्या जुडग्यात, नळ्यांच्या आत रस उकळतो, बाहेर वाफेचं पाणी होतं. मोठ्या नोझलमधून वाफ थेट आत घुसली तर समोरच्या नळ्या थरथरतात, झिजतात. म्हणून काही रचनांत नळ्यांना वेढणाऱ्या नळकांड्याभोवती, म्हणजे शेलभोवती, एक रुंद पोकळ कडं बसवतात. त्याला व्हेपर बेल्ट म्हणतात. वाफ त्यात फिरून वेग गमावते आणि शेलला पाडलेल्या झरोक्यांतून चहूबाजूंनी आत शिरते.

असं भांडं किती दाब सोसेल, हे शेलच्या जाडीवरून सांगण्याची सवय घातक आहे. आकडेच बघा. शेलची त्रिज्या ६०० मिमी, पत्रा १० मिमी, पोलादाचा अनुज्ञेय ताण १३८ न्यूटन प्रति चौरस मिमी, वेल्डची कार्यक्षमता ०.८५. अमेरिकी एएसएमई संहितेच्या सूत्राने हे शेल १९ बार पेलतं. त्याच पत्र्याचं ७५० मिमी त्रिज्येचं कडं मात्र साडेपंधरा बारवरच थांबतं. खरी मेख कड्याच्या दोन्ही टोकांच्या सपाट चकत्यांत आहे. शेल अखंड असेल तर १४० मिमी रुंदीची, १० मिमी जाडीची चकती १४ बारपर्यंत टिकते. पण शेल पूर्ण कापून मोकळं सोडलं, तर शेलला लांबीच्या दिशेने ओढणारा सगळा जोर या चकत्यांना वाकवूनच पलीकडे जातो. मग तीच चकती जेमतेम एक बार सोसते! म्हणून झरोक्यांच्या मधे किती पत्रा शिल्लक ठेवला, हा प्रश्न जाडीच्याही आधी विचारायला हवा. सिलिंडरमध्ये लांबीच्या दिशेचा ताण घेराच्या ताणाच्या निम्मा असतो. त्यामुळे निम्मा घेर कापला तरी ढोबळ हिशेब सांभाळता येतो. त्यापुढे मात्र नाही.

यावर कुणी म्हणेल, दोन्ही ट्यूबशीटना, म्हणजे नळ्यांची टोकं बसवलेल्या जाड पत्र्यांना, नळ्याच धरून ठेवतात, मग शेलवर जोर येतोच कुठे? आक्षेपात तथ्य आहे. पण मग तो भार नळ्यांच्या रोलिंगवर, म्हणजे ट्यूबशीटमध्ये फुगवून घट्ट केलेल्या सांध्यांवर, जातो आणि नळी उपटून निघण्याची मर्यादा मोजावी लागते. शिवाय लवचीक कडं स्प्रिंगसारखं वागतं. तापलेल्या नळ्या आणि शेल कमीजास्त लांबले की भाराची वाटणीच बदलते. नळ्या, ट्यूबशीट आणि कडं यांचा हिशेब एकत्रच करावा लागतो. 'हायड्रो टेस्ट पास झाली ना?' हा दुसरा युक्तिवाद त्याहून कच्चा आहे. त्या संहितेप्रमाणे चाचणी अनुज्ञेय दाबाच्या साधारण १.३ पटीने होते, पण थंड पाण्याने आणि एकदाच. गळीत हंगामात नळ्यांतले क्षार खरवडायला भांडं पुन्हा पुन्हा थंड होतं, तापतं. चकतीच्या कोपऱ्यातल्या वेल्डला बसणारे हे हिसके त्या चाचणीत दिसत नाहीत.

एकामागोमाग जोडलेल्या भांड्यांपैकी शेवटच्या भांड्याची गोष्ट तर उलटीच. त्याच्या कॅलँड्रियात आधीच्या भांड्यातली वाफ येते, तिचा दाब हवेपेक्षा कमी असतो. तिथे कड्याला फाटण्यापेक्षा चेपण्याची भीती जास्त, आणि मोठ्या त्रिज्येचा पातळ पत्रा आधी चेपतो.