आरसा गेल्यानंतर

छायाचित्रणाच्या इतिहासात बहुतेक सुधारणा कॅमेऱ्यात काही नवे घालून झाल्या. आहे ते काढून टाकल्याने झालेली सुधारणा त्या मानाने विरळा, आणि आरशाचे उच्चाटन ही तशांपैकी एक. 1959 साली निकॉन एफ बाजारात आला तेव्हापासून सुमारे अर्धशतकभर, ज्याला छायाचित्रण व्यासंग म्हणून करावयाचे असे त्याच्या गळ्यात आरशाचा, म्हणजे एसएलआर जातीचा, कॅमेरा असावयाचा, हा जणू शिरस्ताच पडून गेला होता. फिल्म गेली आणि तिच्या जागी सेन्सर आला, तरी आरशाची वहिवाट निर्वेध चालू राहिली. तिला पहिला शह 2008 साली पॅनासॉनिकच्या ल्युमिक्स जी1 या कॅमेऱ्याने दिला. 2013 साली सोनीने फिल्मच्या जुन्या चौकटीएवढा, म्हणजे 36 गुणिले 24 मिलिमीटरचा, सेन्सर बिनआरशाच्या आटोपशीर देहात बसवून दाखविला. आणि 2018 साली कॅनन व निकॉन या दोन्ही मातब्बर घराण्यांनी पूर्ण चौकटीच्या बिनआरशी कॅमेऱ्यांसाठी नवीन माउंट, म्हणजे लेन्सच्या बैठका, जाहीर केले, तेव्हा आरशाची सद्दी संपल्याचे उघड झाले. दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला मात्र या स्थित्यंतराचे मर्म क्वचितच कोणी सांगतो. मेगापिक्सेलचा आकडा, व्हिडिओची प्रत, मागच्या पडद्याचा लखलखाट यांचीच वाखाणणी होते. आणि आरसा गेल्याने कॅमेऱ्याहून लेन्सच अधिक बदलली, ही मुख्य गोष्ट मागे राहते.

ती ध्यानात येण्यासाठी आरसा तेथे होता कशाला, हे आधी पाहिले पाहिजे. लेन्समधून आत आलेला प्रकाश पंचेचाळीस अंशांत कललेल्या आरशावर पडे, तेथून वर वळून घासलेल्या काचेवर त्याची प्रतिमा उमटे, आणि पंचकोनी लोलकातून ती सुलट होऊन डोळ्यापर्यंत पोचे. बटण दाबताच आरसा झटक्याने वर उचलला जाई, डोळ्यापुढे क्षणभर अंधार होई, पडदा उघडून मिटे, आणि आरसा पुन्हा खाली येऊन बसे. ज्या क्षणाचे छायाचित्र निघाले तो क्षण छायाचित्रकाराला स्वतःला कधीच दिसत नसे, हे या रचनेचे एक मौजेचे वैगुण्य होते. दुसरे वैगुण्य अधिक गंभीर. या आरशाचा मधला भाग किंचित पारदर्शक ठेवून, त्यातून गेलेला प्रकाश मागच्या एका धाकट्या आरशाने तळाकडे वळवीत, आणि फोकस बरोबर आहे की नाही याचा निवाडा तळाशी बसविलेले निराळेच यंत्र करी. प्रतिमा एकीकडे उमटणार आणि तिचा फोकस भलतीकडे तपासला जाणार, असा हा दुहेरी कारभार असल्याने दोन्ही अंतरांत केसभर जरी तफावत पडली, तरी डोळ्यांवर धरलेला फोकस कानावर जाऊन बसे. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात ज्या सेन्सरवर प्रतिमा उमटते तोच फोकसही पाहतो, त्यामुळे ही तक्रार मुळातूनच नाहीशी झाली.

परंतु त्याहून मोठा लाभ झाला तो जागेचा. आरशाला हलावयास मोकळीक हवी, म्हणून लेन्सची बैठक आणि फिल्म यांमध्ये अंतर राखावे लागे. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये ते 46.5 मिलिमीटर होते, कॅननच्या ईएफमध्ये 44. आता ज्या लेन्सचे नाभीय अंतर 24 मिलिमीटर आहे, तिने वास्तविक फिल्मपासून तितक्याच अंतरावर असावे. पण तेथे तर आरसा फिरत होता. या पेचातून मार्ग काढण्यासाठी फ्रान्समधील आंजेन्यू या लेन्सकाराने 1950 साली पुढे मोठे अंतर्गोल भिंग घालून प्रतिमा मागे ढकलण्याची युक्ती योजली, आणि तेव्हापासून विस्तृत कोनाच्या बहुतेक लेन्स याच आडवळणाने घडू लागल्या. युक्ती नामी होती, पण तिच्यापायी काचा वाढत, वजन वाढे, आणि चौकटीचे कोपरे मऊ पडत. आरसा गेल्यावर हेच अंतर निकॉनच्या झेड माउंटमध्ये 16, सोनीच्या ई माउंटमध्ये 18 आणि कॅननच्या आरएफमध्ये 20 मिलिमीटरवर आले. सेन्सरच्या अगदी निकट मोठी काच बसविण्याची मुभा मिळाली आणि लेन्सकारांचे हात मोकळे झाले. अलीकडच्या विस्तृत कोनाच्या लेन्स पूर्ण उघड्या ॲपर्चरलाही कोपऱ्यापर्यंत रेखीव चित्र देतात, त्याचे श्रेय बव्हंशी या वाचलेल्या अडीच-तीन सेंटीमीटरांना आहे.

दूरच्या लेन्सना मात्र याचा काही उपयोग नाही. बिनआरशाचा कॅमेरा हलका, हे विधान खाडीकाठचे रोहित किंवा ताडोबातील वाघ टिपू पाहणाऱ्याने फारसे मनावर घेऊ नये. 600 मिलिमीटर एफ 4 लेन्सच्या प्रकाशद्वाराचा व्यास 600 भागिले 4, म्हणजे 150 मिलिमीटर असावाच लागतो, आणि तेवढी काच वाहून नेण्याची शिक्षा आरशाच्या असण्या-नसण्याने चुकत नाही. शिवाय दृश्य दाखविण्यासाठी सेन्सर व व्ह्यूफाइंडर सतत जागे ठेवावे लागत असल्याने बॅटरी लवकर उतरते, आणि लेन्स बदलताना सेन्सर उघडा पडून धूळ बसते. एक जादा बॅटरी आणि हवेचा एक रबरी फुगा एवढा बंदोबस्त त्यावर पुरेसा होतो.

निवडीचा खरा प्रश्न कॅमेऱ्याचा नसून माउंटचा आहे. कॅमेरा ही खरेदी, माउंट ही सोयरीक: कॅमेरा चार-सहा वर्षांत जुना होतो व विकला जातो, पण त्याच्यासाठी घेतलेल्या लेन्स घरात राहतात आणि पुढचा कॅमेरा कोणाचा घ्यावयाचा हे त्याच ठरवितात. म्हणून आवडलेला कॅमेरा हातात घेण्यापूर्वी, त्या माउंटवर आपल्या कामाच्या आणि आपल्या ऐपतीच्या लेन्स कोणत्या मिळतात, इतर कंपन्याही त्यासाठी लेन्स करतात की नाही, जवळच्या शहरात त्या दुरुस्त होतात का, याची चौकशी करावी. माझे मत विचाराल तर नवशिक्याने एपीएस-सी आकाराच्या सेन्सरचा, बाजारात आलेल्या ताज्या मॉडेलच्या मागच्या पिढीतला कॅमेरा घ्यावा, आणि वाचलेल्या पैशात 35 मिलिमीटर एफ 1.8 सारखी एक स्थिर नाभीय अंतराची लेन्स घ्यावी. झूमची सोय अंगवळणी पडण्याआधी एका कोनातून पाहण्याची शिस्त लागली तर ती आयुष्यभर उपयोगी पडते.

या शिफारशीमागे शिस्तीहून भक्कम असे भौतिक कारण आहे. अंधुक उजेडातील छायाचित्रात जो खरखरीतपणा दिसतो तो आयएसओ वाढविल्यामुळे येतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः आयएसओ हाती आलेल्या संदेशाचे केवळ वर्धन करतो, दोष असतो तो प्रकाशाच्या तुटीचा. प्रकाश फोटॉनच्या रूपाने सुटासुटा येतो आणि त्याच्या आगमनात सरासरीच्या वर्गमूळाएवढा चढउतार अटळ असतो. एखाद्या पिक्सेलवर सरासरीने 10,000 फोटॉन पडत असतील तर चढउतार 100 चा, म्हणजे एक टक्का. तेच 100 फोटॉन पडत असतील तर चढउतार 10 चा, म्हणजे दहा टक्के, आणि तो डोळ्याला सहज जाणवतो. कॅमेऱ्यासोबत मिळणारी 18 ते 55 ची झूम लांबच्या टोकाला एफ 5.6 वर येते, एफ 1.8 ची लेन्स तितक्याच वेळात सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश पोचविते, म्हणजे जेथे 6400 आयएसओची दरकार होती तेथे 640 वर काम भागते. मोठ्या सेन्सरचा लाभही याच हिशेबात बसतो, कारण पूर्ण चौकटीचे क्षेत्रफळ एपीएस-सीच्या सुमारे 2.4 पट आणि मायक्रो फोर थर्ड्स या त्याहून लहान सेन्सरच्या जवळजवळ चौपट असते. फक्त सेन्सर वाढला की लेन्सही वाढते आणि किंमत तर त्याहून वेगाने वाढते, हे तारतम्य ठेवावे.

आता या कॅमेऱ्यांच्या एका नव्या खोडीकडे वळू. मंगल कार्यालयातील लग्न आहे, मंगलाष्टके संपत आली आहेत, भटजींचा स्वर चढला आहे, अंतरपाट दूर होण्याच्या बेतात आहे. आणि छायाचित्रकाराने, खटखटीचा व्यत्यय नको अशा सद्भावनेने, मुळीच आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर निवडून वेग सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवला आहे. अक्षता पडतात, छायाचित्रे निघतात, आणि मागाहून पाहावे तो वधूवरांच्या अंगावरून आडवे काळसर पट्टे गेलेले. आपल्याकडील वीजप्रवाहाची सेकंदाला 50 आवर्तने होतात आणि प्रत्येक आवर्तनात तो दोनदा शिखराला पोचतो, त्यामुळे हलक्या प्रतीच्या एलईडी दिव्यांचा प्रकाश सेकंदाला 100 वेळा उजळतो व मंदावतो. डोळ्याला ते कळत नाही. सेन्सर मात्र सबंध प्रतिमा एकदम न टिपता वरून खाली एकेक ओळ वाचीत जातो; या वाचनाला सेकंदाचा पंचविसावा भाग लागत असेल, तर तेवढ्या अवधीत दिवा चारदा मंदावलेला असतो आणि पट्टेही चारच उमटतात. वेग शंभराव्या भागावर आणला की प्रत्येक ओळीच्या वाट्याला दिव्याचा पूर्ण चढउतार येतो आणि पट्टे नाहीसे होतात.

पण मग अक्षतांचे काय? सेकंदाला तीन मीटर वेगाने पडणारा तांदळाचा दाणा शंभराव्या भागात तीन सेंटीमीटर सरकतो, आणि छायाचित्रात दाण्याऐवजी रेघ दिसते. (मला स्वतःला त्या रेघाच अधिक पसंत आहेत, हवेत गोठलेले तांदूळ पाहिले की कोणीतरी ते दोऱ्याने टांगले असावेत असा भास होतो.) ज्याला दाणे सुटे हवे असतील त्याने आवाज पत्करून यांत्रिक शटर वापरावे, वेग पाचशेवा भाग ठेवावा, आणि कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची सोय असल्यास ती चालू करावी, म्हणजे दिवा शिखरावर असतानाच पडदा उघडतो. सगळ्या ओळी एकाच क्षणी टिपणारा पूर्ण चौकटीचा सेन्सर सोनीने 2023 साली ए9 थ्री या कॅमेऱ्यात आणला आहे, पण त्याची किंमत लग्नाच्या मांडवाच्या खर्चाशी स्पर्धा करील अशी आहे. हात हलल्याचा दोष घालविणारी सेन्सरची स्थिरीकरण-यंत्रणाही येथे कामाची नाही, कारण ती आपला हात सावरते, अक्षतांना थोपवीत नाही.

ॲपर्चरच्या बाबतीतही एक गैरसमजूत आहे. फोकसची खोली वाढावी म्हणून लोक ॲपर्चर बारीक करीत जातात, आणि काही मर्यादेपर्यंत ते योग्यही आहे. ती मर्यादा कोठे येते हे भाद्रपदात कासच्या पठारावर फार चांगले समजते. तेथे सीतेची आसवं नावाची निळी-जांभळी फुले ओल्या कातळावर दाटीने उभी असतात, आणि त्यांच्या आसपास दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती पानावरील केसांच्या टोकाशी एकेक चिकट थेंब तोलून कीटकाची वाट पाहत असते. त्या थेंबाचे मॅक्रो लेन्सने मूळ आकाराएवढे चित्र घ्यावयाचे, तर एफ 8 वरही फोकसची खोली जेमतेम एक मिलिमीटर भरते. पुढचा थेंब रेखीव आला की मागचा विरघळतो. उतावळा छायाचित्रकार अशा वेळी एफ 16 वर जातो, आणि येथेच फसतो. प्रतिमा मूळ आकाराची करताना लेन्स पुढे सरकते, त्यामुळे परिणामी एफ-अंक सुमारे दुप्पट होतो. म्हणजे पडद्यावर एफ 8 दिसत असले तरी प्रकाश एफ 16 चाच असतो. शिवाय प्रकाश तरंगरूप असल्यामुळे बारीक छिद्रातून जाताना पसरतो आणि बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता तबकडी बनते. हिरव्या प्रकाशासाठी परिणामी एफ 16 ला तिचा व्यास सुमारे 21 मायक्रॉन येतो, तर 24 मेगापिक्सेलच्या पूर्ण चौकटीच्या सेन्सरवरील पिक्सेल सुमारे 6 मायक्रॉनचा असतो. त्यापुढे आणखी बारीक केल्यास खोली वाढते खरी, पण सर्वत्र सारखाच मऊपणा येतो. यावर कॅमेऱ्यांनी दिलेली तोड म्हणजे फोकस किंचित सरकवीत लागोपाठ अनेक चित्रे घेणे व नंतर संगणकावर त्यांचे रेखीव भाग एकत्र करणे. मात्र पठारावरचा वारा या योजनेस सहसा संमती देत नाही, म्हणून वारा सुटण्याआधी, भल्या सकाळीच काम उरकावे.

उरल्या गोष्टी थोडक्यात. ॲपर्चर आपण ठरवावे, शटरच्या वेगाची खालची मर्यादा घालून द्यावी, आणि आयएसओची मुखत्यारी कॅमेऱ्याकडे सोपवावी. ही वाटणी बहुतेक प्रसंगी निभावते. चित्र रॉ स्वरूपात साठवावे, कारण 14 बिटांच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या 16,384 पायऱ्या असतात, जेपेगमध्ये 256. व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र आधीच उजळ-काळे दिसते ही मोठी सोय आहे, पण दिसते ते कॅमेऱ्याने सजविलेले जेपेग असते, हे विसरू नये.

घरातल्या कपाटात एखादी जुनी निकॉन लेन्स पडून असेल, तर आरसा गेल्याचा एक अनपेक्षित लाभ तिलाही आहे. एफ माउंटला लागणारे 46.5 मिलिमीटर आणि सोनीच्या ई माउंटचे 18 यांच्यातली 28.5 मिलिमीटरची उणीव एका पोकळ कड्याने भरून निघते. त्यात काच लागत नाही आणि लेन्सच्या गुणांत रतिभर फरक पडत नाही. फोकस हाताने करावा लागतो, पण व्ह्यूफाइंडरमध्ये प्रतिमा मोठी करून पाहता येत असल्याने ते पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. फक्त आधी अशी लेन्स, आणि विशेषतः मुंबई-कोकणाकडून आलेली कोणतीही जुनी लेन्स, ॲपर्चर पूर्ण उघडून विजेरीसमोर धरावी. काचेच्या कडेशी कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे; वेळीच साफ केली तर जाते, जुनी झाली की काचेवरचा लेप खाऊन टाकते. चांगल्या लेन्स पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत मुळीच ठेवू नयेत. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आतली आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान असल्याचे दाखविणारा लहानसा मापक एवढी तजवीज पुरते, आणि पुड्या ओल्या झाल्या की दर काही आठवड्यांनी वाळवून घ्याव्या लागतात.