जादूची तलवार आणि शिंप्याचे दुकान

संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यासमोर तासन् तास बसणाऱ्या मुलाकडे पाहून घरातील वडीलधारी मंडळी त्रासतात, आणि तो त्रास पुष्कळदा रास्तही असतो. तथापि ज्या जगात हा मुलगा रमलेला असतो ते जग कोणत्या नियमांवर उभे आहे, याची चौकशी करण्याची तसदी आपण क्वचितच घेतो. कादंबरीचे, नाटकाचे, चित्रपटाचे परीक्षण आपण गांभीर्याने करतो. परंतु हजारो माणसे एकाच वेळी ज्यात निरनिराळ्या भूमिका घेऊन वावरतात त्या ऑनलाइन खेळांना ‘पोरखेळ’ म्हणून निकालात काढतो. वस्तुतः या खेळांच्या रचनाकारांपुढे एक जुना वाङ्मयीन प्रश्न नव्या आणि अधिक अवघड स्वरूपात उभा आहे. अद्भुत आणि विज्ञान ही दोन द्रव्ये एकाच पात्रात कोणत्या प्रमाणात मिसळावीत, हा तो प्रश्न होय.

हे मिश्रण काही आजचे नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसून, फासे टाकून आणि मुख्यतः कल्पनेच्या बळावर खेळावयाचा हा खेळ. त्यात मांत्रिक होते, राक्षस होते, मंतरलेल्या तलवारी होत्या. पण १९८० साली गायगॅक्स यांनी याच खेळासाठी लिहिलेल्या ‘एक्स्पिडिशन टू द बॅरियर पीक्स’ या साहसात, डोंगरातील भुयार समजून वीर ज्यात शिरतात ते प्रत्यक्षात कोसळलेले अंतराळयान निघते. रिचर्ड गॅरियट यांच्या १९८१ च्या ‘अल्टिमा’ या संगणकीय खेळात तलवार घेऊन निघालेला वीर पुढे अंतराळात झुंजतो, आणि कालयंत्रात बसून भूतकाळातील दुष्ट मांत्रिकाचा पाडाव करतो. दरम्यान इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी ‘मड’ हा अनेकांनी एकाच जगात एकत्र खेळावयाचा संगणकीय खेळ रचला होता. आजच्या ऑनलाइन भूमिका-खेळांची वंशावळ याच मूळ पुरुषांपर्यंत जाते.

मग अडचण कोठे आली? ती समजण्यासाठी अद्भुत आणि विज्ञान यांतील भेद नीट ध्यानात घ्यावयास हवा. हा भेद तलवार आणि बंदूक यांचा, किंवा किल्ला आणि अंतराळयान यांचा नाही. तो नेपथ्याचा भाग झाला. खरा भेद अधिकाराचा आहे. अद्भुतकथेतील सामर्थ्य वंशाने, वराने किंवा दैवयोगाने मिळते, आणि म्हणूनच ते थोड्यांनाच मिळते. विज्ञानकथेतील सामर्थ्य शिकून मिळते. निदान तत्त्वतः तरी ते कोणासही खुले असते. विज्ञानकथेतील बंदूक कोणाच्याही हातात चालते. अद्भुतकथेतील तलवार योग्य हाताचीच वाट पाहते. कादंबरीत या दोन्ही गोष्टी सुखाने नांदू शकतात, कारण कादंबरीला नायक एक असतो आणि बाकीच्या पात्रांनी तक्रार करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ऑनलाइन खेळात मात्र प्रत्येक पात्रामागे एक जिवंत माणूस बसलेला असतो, आणि त्याने नायकाइतकेच पैसे भरलेले असतात. दैवी सामर्थ्याचा धनी कोण आणि त्याचे जोडे शिवणारा कोण, हे तेथे कोणी ठरवावयाचे?

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर २००३ च्या जून महिन्यात अमेरिकेत सुरू झालेल्या ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ या खेळाच्या इतिहासात सापडते. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटमालिका हे स्वतःच अशा मिश्रणाचे उदाहरण. तिच्यात अंतराळयाने आणि यंत्रमानव आहेत. पण तिच्या केंद्रस्थानी जेडाय आहेत, म्हणजे एका गूढ शक्तीचे उपासक असलेले, प्रकाशाची तलवार चालविणारे विरळा योद्धे. खेळाची कथा ज्या कालखंडात घडते त्यात तर हे जेडाय जवळपास नामशेष झालेले. सोनी कंपनीच्या ज्या विभागाने हा खेळ काढला त्याचे रचनाकार राफ कोस्टर यांचा ओढा मात्र सामान्य नागरिकांचे जग उभे करण्याकडे होता.

ते जग त्यांनी उभे केलेही. त्यात तीसच्या आसपास व्यवसाय होते. शिंपी, शस्त्रकार, वास्तुकार, आचारी, वैद्य, नर्तक, वादक असे कोणीही होता येत असे. लढाईत झालेल्या जखमा वैद्याकडूनच बऱ्या होत. मनाचा थकवा घालवावयाचा तर मद्यगृहात जाऊन नर्तक-वादकांपुढे बसावे लागे. चांगली शस्त्रे आणि कपडे दुसऱ्या खेळाडूने घडविलेले असत. कच्च्या मालाची प्रत सतत बदले, म्हणून उत्तम धातू कोठे सापडतो हे ठाऊक असलेल्या कारागिराचे नाव दूरवर होई. वस्तू वापराने झिजत, त्यामुळे कारागिराला काम मिळत राही. आपल्याकडील जुन्या गावगाड्यात बलुतेदारांचे जे स्थान होते त्याची येथे आठवण व्हावी. फरक एवढाच की येथे धंदा जन्माने चिकटत नव्हता, तो स्वतः निवडून शिकता येत होता. एकदाही शस्त्र न उचलता केवळ उत्तम शिंपी म्हणून नावारूपाला येणे या खेळात शक्य होते, आणि पुष्कळांनी तेच पसंत केले.

या शिकता येणाऱ्या जगात न शिकता येणारा जेडाय कोठे बसवावयाचा? चित्रपटाच्या चाहत्यांना तो हवा होता आणि कथेच्या दृष्टीने तो दुर्मीळ असणे भाग होते. तोडगा असा निघाला की प्रारंभी कोणासही जेडाय होता येणार नाही; काही व्यवसायांत पारंगत झाल्यावर ते द्वार उघडेल, मात्र ते व्यवसाय कोणते हे गुप्त राहील आणि प्रत्येकासाठी ते वेगळे असतील. जेडाय झालेल्यालाही सुख नव्हते. त्याच्या मागावर पारितोषिकासाठी शिकारी लागत, आणि आरंभीच्या काळात तर त्याच्या पात्राला कायमचा मृत्यू येऊ शकत असे.

कागदावर ही योजना सुंदर दिसते. पण काही महिन्यांतच, पुढचा व्यवसाय कोणता हे सांगणाऱ्या दुर्मीळ वस्तू खेळात आल्या, आणि चित्र पालटले. वर्षभराच्या आवडीने शिंपी झालेला माणूस आपले दुकान बंद करून, मनात नसताना, वैद्यकी किंवा स्वयंपाक घोटू लागला. ज्याला नाचात रस नाही तो यंत्रवत नाचू लागला. व्यवसाय हे जगण्याचे रूप न राहता पायऱ्या ठरले, आणि सर्व पायऱ्या एकाच देव्हाऱ्याकडे जात होत्या. परीक्षेतील गुणांसाठीच विषय शिकणारा विद्यार्थी ज्यांनी पाहिला आहे, त्या शिक्षकांना हे दृश्य वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

याहून मोठा आघात २००५ च्या नोव्हेंबरमध्ये झाला. अधिक गिऱ्हाइके मिळावीत या हेतूने खेळाचे नियम मुळापासून बदलण्यात आले. तीसच्या आसपासचे व्यवसाय नऊवर आणले गेले, आणि त्या नवांत जेडाय हा पहिल्याच दिवशी कोणासही निवडता येईल असा व्यवसाय झाला. ज्यांनी वर्ष-दीड वर्ष एखादी कला हस्तगत केली होती त्यांतील अनेकांना आपली कला नाहीशी झालेली आढळली. खेळाडूंत संतापाची लाट उसळली आणि पुष्कळांनी खेळ सोडला. १५ डिसेंबर २०११ रोजी तो बंद झाला. त्याच्या जुन्या रूपाच्या चाहत्यांनी पुढे ते आपल्या हाताने, स्वतःच्या सर्व्हरवर पुन्हा उभे करण्याचे काम हाती घेतले, यावरून काय गमावले होते याची कल्पना यावी.

यावर कोणी असे म्हणेल की माणसे खेळाकडे वळतात ती मुळात असामान्य होण्यासाठीच. दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करणाऱ्याने रात्री पुन्हा शिंपीच का व्हावे? आक्षेप वाजवी आहे. डिसेंबर २०११ मध्येच सुरू झालेल्या ‘द ओल्ड रिपब्लिक’ या खेळाने त्यालाच मान दिला. त्याची कथा चित्रपटांच्या हजारो वर्षे आधीची, जेडाय विपुल असल्याच्या काळातील. त्यामुळे प्रत्येकाने जेडाय व्हावयास हरकत नव्हती. ही एक प्रामाणिक वाट आहे. मात्र तिची किंमतही पाहावी. या खेळात वस्तू घडविण्याचे काम खेळाडूच्या हाताखालील काल्पनिक सोबत्यांकडे सोपविलेले असते. सर्वच वीर झाल्यावर शिंप्याचे काम करण्यास माणूस उरत नाही, आणि शिंपी पुन्हा पडद्याआड जातो.

तेव्हा समतोल साधावयाचा तर तो प्रमाणाचा नसून किंमतीचा असतो, असे म्हणावेसे वाटते. गायगॅक्स यांच्या अंतराळयानातील शस्त्रांना शक्ती पुरविणाऱ्या चकत्या असत आणि त्यांतील शक्ती संपत असे. म्हणून त्या शस्त्रांनी तलवारीचे राज्य बुडविले नाही. २००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या अद्भुताने भरलेल्या खेळात अभियंत्याचाही धंदा आहे. पण त्याची यंत्रे कधीकधी त्याच्यावरच उलटतात, आणि त्या फजितीतूनच त्यांना त्या जगात नागरिकत्व मिळाले. याच खेळात २००७ साली स्फटिकांचे अंतराळयान घेऊन एक नवी जमात अवतरली तेव्हा मात्र अनेक जुन्या खेळाडूंनी नाके मुरडली. तिचे पूर्ववृत्त आधी सांगितलेल्या कथेशी जुळत नव्हते, हे त्याचे एक मोठे कारण होते. याच्या उलट ‘फायनल फँटसी फोर्टीन’ या जपानी खेळात, लोक ज्याला चंद्र समजत होते तो एका प्राचीन साम्राज्याने बांधून आकाशात सोडलेला कृत्रिम गोल निघतो आणि त्यात एक महासर्प कोंडलेला असतो. येथे यंत्र आणि अद्भुत एकमेकांच्या पोटात आहेत. परंतु ते यंत्र कोणी, का आणि कोणत्या लोभाने बांधले याचा हिशेब कथा देते, म्हणून वाचकाची, म्हणजे खेळाडूची, फसवणूक झाल्याची भावना होत नाही.

हिशेब देणे ही गोष्ट महत्त्वाची आहे, आणि ती खेळापुरती नाही. आपल्याकडे पुराणातील विमानाला विज्ञान ठरविण्याची हौस अधूनमधून उफाळून येते. त्याने विज्ञानाची कसोटी सैल होतेच. पण अद्भुताचाही अपमान होतो, कारण नवरसांत ज्याला मानाचे स्थान आहे त्याला यंत्रशाळेचा दाखला मागण्याची गरज का पडावी? दोहोंचे मिश्रण करणाऱ्याने दोहोंचे नियम अधिक काटेकोरपणे पाळावयास हवेत. चांगल्या खेळांचे रचनाकार हे अनुभवाने शिकले आहेत. कित्येकदा गिऱ्हाइके गमावून शिकले आहेत.

म्हणून पडद्यासमोर बसलेल्या मुलाला पुढच्या वेळी रागे भरण्यापूर्वी एक प्रश्न विचारून पाहावा. तुझ्या हातातील तलवार कोणी घडविली? ती दैवाने मिळाली, दुकानातून पैसे टाकून घेतली, की दुसऱ्या कोणा खेळाडूने खपून केली? त्याला उत्तर देता आले, तर तो ज्या जगात वावरतो आहे त्याविषयी पुष्कळ काही कळेल. आणि त्याने आपण स्वतःच तेथे लोहार असल्याचे सांगितले, तर थोडा वेळ शेजारी बसून त्याची भट्टी पाहण्यास हरकत नसावी.