चिखलणीत ट्रॅक्टरचा स्टिअरिंग सिलिंडर सांभाळा

कर्जत-खालापूरच्या भातखाचरांत पॉवर स्टिअरिंगचा ट्रॅक्टर फिरतो, तेव्हा सगळ्यात जास्त हाल होतात पुढच्या ॲक्सलवरच्या सिलिंडरचे. चिखलातले बारीक खडे सिलिंडरच्या दांड्याला चिकटून डस्ट सील फाडतात, मग आतलं ऑइल सील जातं. ऐन लावणीत ट्रॅक्टर अडला तर २१-२५ दिवसांची रोपं थांबत नाहीत! म्हणून रोज संध्याकाळी दांडा धुवा, पुसा आणि तेलाने ओला दिसतोय का बघा.

फसवा बिघाड वेगळाच. बाहेर थेंबही नाही, पण चाकं पूर्ण वळल्यावरही स्टिअरिंग सहज फिरतच राहतं. बहुतेकदा पिस्टनच्या सीलमधून तेल पलीकडे सरकत असतं. दोष स्टिअरिंग युनिटचाही असू शकतो, त्यामुळे सिलिंडर तपासल्याशिवाय नवा घेऊ नका.

दांडा गुळगुळीत असेल तर सील किट पुरतं. क्रोम उडून खड्डे पडले असतील तर नवं सीलही लवकरच कापलं जाणार. दांडा किंवा अख्खा सिलिंडरच बदला. जोडणीनंतर पुढची चाकं उचलून भक्कम टेकू द्या, इंजिन मंद ठेवा आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. हवा निघाली की तेलाची पातळी उतरते, तेवढं तेल भरा.