स्वादुपिंडाचे पाणी आणि कातडीतून घातलेली नळी

जिनात गठाणी उचलणाऱ्या माणसाचे भांडवल एकच, ते म्हणजे त्याचे धड शरीर. दुखणे बरे करताना त्याच्या पोटाची भिंत शाबूत राहते की नाही, यावर त्याची पुढची मजुरी ठरते. स्वादुपिंडाभोवती साठलेले पाणी कातडीतून नळी घालून कसे काढतात, ते या दृष्टीने पाहू.

स्वादुपिंड ही जठराच्या मागे आडवी पसरलेली ग्रंथी. तिचे पाचकरस आतड्यात पोचल्यावरच कामाला लागावेत, अशी निसर्गाची योजना आहे. परंतु पित्ताचा खडा वाटेत अडकला, किंवा दारूने ग्रंथीला इजा झाली, तर ते रस अन्नाऐवजी ग्रंथीलाच पचवू लागतात. पोटाच्या वरच्या भागात उठलेली कळ पाठीत जाते, ओकाऱ्या होतात, ग्रंथीभोवती पाणी साठते. दुखणे जबर असेल तर ग्रंथीचा काही भाग मरून त्या पाण्यात मिसळतो.

मग नातेवाईक म्हणतात, ‘पाणी आहे ना? मग काढून टाका!’ हा आग्रह बहुधा चुकीचा असतो. पुष्कळदा ते पाणी आपोआप जिरते, आणि विनाकारण नळी घातली तर बाहेरचे जंतू आत शिरतात. पू झाला, किंवा पाण्याच्या दाबाने जठर वा पित्ताची वाट कोंडली, तरच ते काढण्याचा विचार करावयाचा. साधारण चार आठवड्यांत पाण्याभोवती पक्की भिंत तयार होते. रोग्याची प्रकृती साथ देत असेल तर तोवर थांबतात. हॉलंडमधील डॉक्टरांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पू झालेला असूनही थांबविलेल्या रोग्यांपैकी 39 टक्क्यांना केवळ जंतुनाशक औषधांनी भागले. नळी लागलीच नाही.

नळी घालण्याची रीत अशी. सोनोग्राफी किंवा सी. टी. स्कॅनमध्ये पाहून आतडी, प्लीहा आणि मोठ्या रक्तवाहिन्या टाळणारी वाट निवडतात. बहुधा ती डाव्या कुशीतून जाते. जागा बधिर करून सुई, सुईतून तार आणि तारेवरून नळी सरकवितात. तारेवरून नळी नेण्याची ही युक्ती स्वीडनचे डॉ. सेल्डिंगर यांनी 1953 साली रक्तवाहिन्यांसाठी प्रसिद्ध केली होती. येथील नळी चार मिलिमीटर किंवा त्याहून जाड असते. मेलेल्या मांसाच्या तुकड्यांनी ती तुंबू नये म्हणून ती रोज मिठाच्या निर्जंतुक पाण्याने धुवावी लागते. नळीतून रक्त आले, किंवा वाहणे थांबून ताप चढला, तर तासभरही घरी काढू नये.

2010 साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका डच प्रयोगात 88 रोगी होते. निम्म्यांचे पोट उघडले. उरलेल्यांना आधी नळी, बहुतेकांना कातडीतूनच, आणि गरज पडली तरच पुढे लहान छेदाची शस्त्रक्रिया. दुसऱ्या गटातील 35 टक्के रोगी नळीवरच निभावले. मृत्यूचे प्रमाण फारसे बदलले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु जखमेच्या जागी होणारा हर्निया 24 टक्क्यांवरून 7 वर आला. हर्निया झालेल्या हमालाने गठाण कशी उचलावी?

तेव्हा नळी ही जादू नव्हे. ती आठवडेच्या आठवडे राहते; कधी पाचकरस नळीच्या वाटेने झिरपतच राहतो. खड्याचा आणि दारूचा बंदोबस्त केला नाही, तर दुखणे उलटते.

येथेच आमचा प्रश्न उभा राहतो. 1948 च्या राज्य विमा कायद्याने कामगाराला औषधोपचार आणि आजारपणाचा भत्ता दिला, पण केवळ सरकी काढणारे आणि गठाणी बांधणारे कारखाने हंगामी म्हणून त्यातून वगळले. खानदेशातील जिन-प्रेसचा मजूर तेथेच बाहेर राहिला. ज्या उपचाराचा अर्धा भाग धीराने थांबणे हाच आहे, तो उपचार रोजंदारीच्या माणसाने कसा पुरा करावा? दवाखान्याचे बिल भागले तरी घरची चूल त्या दोन महिन्यांत पेटली पाहिजे. म्हणून औषधाबरोबर आजारपणाची मजुरीही मागितली पाहिजे, आणि ती हंगामी मजुरालाही मिळाली पाहिजे.